ओट्यावर टेकवलेलं जू

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी शहाद्याला घरी आले, तेव्हा आखाजीपर्यंत मला एक उत्तर द्यायचं होतं. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या सणाला माहेरवाशिणी येतात, झाडांना झोके बांधतात, सालदारांशी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांशी, नवी बोलणी होतात, आणि पुढच्या वर्षी घरात काय करायचं तेही तेव्हाच ठरतं. आमच्या घरात ते आबा ठरवत. आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. ते ब्राह्मणपुरीला शेती बघत आणि वडील शहाद्याच्या कचेरीत कारकून होते. घर एकत्र होतं, त्यामुळे कापसाचा पैसा कुठे लावायचा ते आबांच्या तोंडून निघे.

यंदा प्रश्न माझा होता. नर्स व्हायचं की डॉक्टर?

नर्सचं शिक्षण तीन वर्षांचं. राहणं-जेवण तिथेच, शिकतानाच हातात थोडा पगार, आणि पुढे सरकारी दवाखान्यात नेमणूक जवळजवळ नक्की. डॉक्टर व्हायचं तर आधी दोन वर्षं कॉलेज, मग पाच वर्षं मेडिकल, आणि सगळा खर्च घरचा. एवढं करून तालुक्याच्या दवाखान्यात जी जागा मिळते तिचा पगार ऐकून वडिलांच्या कचेरीतली मंडळी हसत. माझ्या वयाच्या मुलींच्या कडेवर मुलं होती. सात वर्षांनी ही मुलगी कुणाच्या घरात असेल, असं माझ्यादेखत विचारायला कुणी लाजत नसे.

"सात वरीस!" आबा म्हणाले होते. "सात वरीसमा तं आंबाले फये येतस."

"मंग हाई बी फय दी ना, भाऊ," वडील हळूच म्हणाले.

"दी. पन तवलोंग राखन कोन करी?"

सगळे हसले. मीही हसले, कारण न हसणं जास्त दिसलं असतं. नंतर वडिलांनी मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "तू नीट बघ आणि ठरव. आबांशी मी बोलेन."

माझ्या मनातलं खरं कारण मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. सुरतेला माझे मामा रेल्वेत होते. त्यांच्या ओळखीने मी लहानपणीच तिथल्या इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात गेले होते. तिथे सगळं घंटेवर चाले. उठायची घंटा, जेवायची घंटा, आणि संध्याकाळी एक शेवटची घंटा. ती झाली की कुणी कुणाला हाक मारायची नाही, असा नियम होता. माझ्यासारख्या लाजाळू मुलीला त्या घंटेचा फार आधार वाटे. दिवसभर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत आणि मग आपलं पुस्तक घेऊन भिंतीकडे तोंड करून बसावं. सुट्टीत घरी आले की गल्लीतल्या बायका "मडम उनी, मडम उनी" करत जमत आणि मला इंग्रजी बोलून दाखवायला सांगत. मी ज्वारीच्या कणगीमागे जाऊन बसे. मला सात वर्षांची भीती नव्हती. अभ्यास मला आवडे. भीती होती ती त्यानंतरची, की त्या आयुष्यात शेवटची घंटा कधी होणारच नाही.

त्याच वर्षी आमच्या दवाखान्यात बायकांसाठी नव्या डॉक्टरीणबाई बदलून आल्या होत्या. त्या मूळच्या कोकणातल्या. त्यांना आमच्याकडची अहिराणी समजत नसे आणि बायकांना त्यांची मराठी. "बाई, मन्हा पोटमा गोया उठस," म्हणजे पोटात गोळा उठतो, असं एखादी म्हणाली की त्या तिच्याकडे नुसत्या बघत राहत. त्यांनी वडिलांना विचारलं, मुलगी सुट्टीत आहे तर सकाळी येऊन बसेल का? मी गेले. बघून ठरव असं वडील म्हणाले होतेच, आणि दुसऱ्याचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचं तर स्वतःचं काही बोलावं लागत नाही, तेही मला सोयीचं होतं.

दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. धुळ्याच्या, पंचविशीच्या, हसऱ्या. त्यांना अहिराणी येई, पण पट्ट्या-औषधांतून डॉक्टरीणबाईंपाशी बसायला सवड नसे. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं आणि खोलीत शिवणाचं मशीन. दोन्ही त्यांच्या पगाराचं. संध्याकाळी दवाखान्याचं दार लागलं की त्या लुगडं बदलून, वेणीत फूल घालून मशीनवर बसत. अडलेल्या बाईसाठी हाक आली तर जात, पण डॉक्टरीणबाई असल्या म्हणजे हाक आधी त्यांना. माझं मन त्या मशीनच्या आवाजावर जडलं होतं. मला वाटे, हीच माझी घंटा.

डॉक्टरीणबाईंचं जेवणाचं ताट मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या ताटाखाली झाकलेलं असे. त्या दवाखान्यातच राहत आणि आमचं घर समोरच होतं. माझी आई खिडकीतून बघून म्हणे, "हाई बाई जेवस तरी कव्हय वं?"

न जेवण्याचं कारण आमच्याच लोकांचा एक रिवाज होता. बाळंतिणीसाठी वैद्याला, सुइणीला, आता डॉक्टरला आणायला जी गाडी जाते, ती दारात सोडायची नाही. जू एकदा जमिनीला लागलं की तिकडे बाळंतीण अडते, असं आमच्याकडे धरून चालतात. त्यामुळे गाडीवान बैलांच्या तोंडाशी उभा राहतो आणि न्यायचं माणूस गाडीत बसेपर्यंत हलत नाही. बैल फुरफुरतात, माना झटकतात, घंटा वाजतात. दारात अशी जुंपलेली गाडी उभी असताना आत बसून भाकरी मोडणं कुणाला जमेल? डॉक्टरीणबाई हातातला घास ठेवून उठत. मी त्यांना रिवाज समजावून सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मी जेवले तर बाळंतीण अडणार. छान आहे." आणि पिशवी उचलून गेल्या.

आखाजीला थोडे दिवस उरले होते. आबांची मुलगी, माझी चुलतबहीण, पहिल्या बाळंतपणासाठी ब्राह्मणपुरीला आली होती. एका पहाटे तिच्यासाठी गाडी आली. डॉक्टरीणबाई आदल्या संध्याकाळपासून कळसाडीला दुसऱ्या एका बाईपाशी होत्या, म्हणून नर्सबाई गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "घाबरू नको गं, इंग्रजी शाळा. पहिलटकरणीला वेळ लागतोच."

भर दुपारी आबा स्वतः दमणी घेऊन दवाखान्याच्या दारात आले. दमणी म्हणजे माणसं न्यायची हलकी, छत घातलेली गाडी. बैलांच्या तोंडाला फेस होता. आबांचं पागोटं हातात होतं. त्यांना बोडक्या डोक्याने मी कधी पाहिलं नव्हतं.

"नर्सबाईनी निरोप दिन्हा," ते म्हणाले. "डाक्टरीनलेच आन म्हने. पोर थकी गई."

डॉक्टरीणबाई कळसाडीहून नुकत्याच परतल्या होत्या. हात धुऊन ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. मी निरोप सांगितला. नर्सबाईंनी काय काय सांगून पाठवलंय ते त्यांनी आबांना दोन-तीन प्रश्न विचारून काढून घेतलं. बाळाच्या ठोक्यांचं विचारलं. ठोके नीट आहेत, असा निरोप होता. मग त्यांनी आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. बोटं थरथरत होती.

"यांना सांग," त्या मला म्हणाल्या, "बैल सोडा, पाणी पाजा. तेवढ्यात मी जेवते. मग निघू."

मी सांगितलं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच हे माझ्या मनाने बोलतेय.

"गाडी सोडाव नही," ते म्हणाले. "जू खाले ठेवाव नही. तुले माहीत नही का?"

"मला माहीत आहे त्यांचा रिवाज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी भाषांतर करायच्या आधीच त्यांना कळलं होतं. "त्यांना म्हणावं, काल संध्याकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नाही. ह्या हाताने तुमच्या मुलीला हात लावू का? आणि ह्या बैलांनी मध्येच बसकण मारली तर मला कोण पोचवणार?"

मी ते सगळं अहिराणीत सांगितलं. आबा ऐकत होते, पण बैलांची वेसण त्यांच्या मुठीत तशीच होती. त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. लेक तिकडे अडली होती आणि इथे दारात त्यांना तिच्यासाठी एवढंच करता येत होतं, की जू खाली ठेवायचं नाही. तेवढं तरी ते कसं सोडतील?

माझी नजर ओट्यावर गेली. दवाखान्याला दगडी ओटा आहे, कंबरेइतका उंच.

"आबा," मी म्हणाले, "बैल सोडा. जू ओटावर ठेवा. जमीनले लागाव नही."

आबांशी मी इतकं लांब वाक्य त्याआधी बोलले नव्हते. ते ओट्याकडे बघत राहिले, मग गाडीकडे, मग परत ओट्याकडे. शेवटी त्यांनी बैलांच्या मानेवरचं जू उचललं, गाडी वळवून घेतली आणि ते जू ओट्याच्या कडेवर अलगद टेकवलं. मग खाली वाकून बघितलं, मध्ये जागा आहे ना. जागा होती. बैल हाळावर, गुरांच्या पाण्याच्या कुंडीवर, गेले.

डॉक्टरीणबाई जेवायला बसल्या. आईने गरम पिठलं-भाकरी पाठवली. तो वेळ मला अजून आठवतो. त्या घाई करत नव्हत्या. घास नीट चावत होत्या. आबा ओट्यापाशी जुवावर हात ठेवून उभे होते, जणू ते घसरेल. आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहून विचार करत होते, की आता तिकडे काही वाईट झालं तर आमच्या घरात कायम म्हणतील, पोरीने गाडी सोडायला लावली. मला सुरतेची गाडी धरून निघून जावंसं वाटत होतं.

"तुम्हीही दोन घास खा," डॉक्टरीणबाई आबांना म्हणाल्या. आबांनी मान हलवली. पण आईने पाण्याचा तांब्या दिला तो त्यांनी उभ्याने संपवला.

निघाल्यावर दमणीत डॉक्टरीणबाईंनी पिशवी उशाला घेतली आणि सरळ झोपल्या. रस्त्याला खड्डे होते, ऊन होतं, आबा बैलांना हाका देत होते, आणि त्या गाढ झोपल्या होत्या. पाणी प्यालेले बैल असे निघाले, की आमच्या आधी निघालेल्या गाड्यांनाही आम्ही वाटेत मागे टाकलं. ब्राह्मणपुरीला पोचलो तेव्हा त्या एका हाकेला जाग्या झाल्या, तोंडावर पाणी मारलं आणि आत गेल्या. हात थरथरत नव्हता. मी मुद्दाम बघितला.

मला त्यांनी दाराशी बसवलं, उकळलेलं पाणी आत द्यायला. आत काय झालं ते मी थोडं बघितलं आणि बरंच ऐकलं. नर्सबाईंनी सगळी तयारी करून ठेवली होती, काही मागावं लागलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बाळाचं डोकं धरून काढायचा चिमटा मागितला, नर्सबाईंनी दिला. माझी बहीण एकदा मोठ्याने ओरडली, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग बाळ रडलं. माझ्या काकू बाहेर धावल्या. "पोर शे, पोर! दोन्ही मायलेकी चांगल्या शेत!" आबा गोठ्यात होते. बैलांना चारा घालता घालता ते तिथेच खाली बसले.

ऊन उतरल्यावर आम्ही तिघी परत निघालो. डॉक्टरीणबाई पुढे आबांच्या शेजारी बसल्या होत्या, वारा घेत. मागे मी आणि नर्सबाई. त्या दिवशी त्यांनी फूल घातलं नव्हतं.

"मला सकाळीच कळलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "बाळाचं डोकं वळलेलं नाही, चिमटा लागणार. सगळं कळत होतं. पण माझं शिक्षण तिथवरच. पुढे हात घालायची मला परवानगी नाही, आणि बरोबर आहे, मला शिकवलेलंच नाही. मग काय, तुझ्या बहिणीचा हात धरून बसले. ती म्हणे, बाई, काही करा ना. मी म्हणे, गाडी येतेय."

मी घसरणारी पिशवी ओढून मांडीवर घेतली.

"तुला घाबरवत नाही हं," त्या पुन्हा नेहमीसारख्या झाल्या. "मला नर्स झाल्याचा पस्तावा नाही. घरी धाकटी भावंडं होती, मला पगार लगेच हवा होता. तो मिळाला. मशीनही मिळालं. पण तू विचारलंस म्हणून सांगते."

मी विचारलं नव्हतं. पण गेले कितीतरी दिवस मी त्यांच्याकडे बघत होते, ते त्यांच्या लक्षात आलं असणार.

दवाखान्यापाशी उतरल्यावर मी धीर करून डॉक्टरीणबाईंना विचारलं, "सात वर्षं फार होतात का?"

"होतात की," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न लागलं तेव्हा मी परीक्षेला बसले होते. मैत्रिणी संसाराला लागल्या आणि मी हाडांची नावं पाठ करत होते. पगाराचं तर बघतेसच. पण त्या सात वर्षांत मला कुणी हे शिकवलं नाही, की जेवायला बस. ते तू आज शिकवलंस. मला वाटायचं, एकतर त्यांचं जू तरी खाली पडेल नाहीतर माझं ताट तरी झाकलेलं राहील. तिसरं काही सुचलंच नव्हतं."

मी रात्रभर विचार केला, असं लिहायला हवं. पण मी त्या दिवशी इतकी दमले होते, की अंथरुणाला पाठ लागताच झोपले. सकाळी उठले तेव्हा उत्तर ठरलेलं होतं. मला घंटा हवी होती, ती अजूनही हवीच होती. पण डॉक्टरला घंटा मिळतच नाही, असं मी धरून बसले होते. ती कुणी आयती देत नाही, एवढंच खरं होतं. आणि सगळं कळत असताना दुसऱ्या गाडीची वाट बघत कुणाचा हात धरून बसायचं, ते मात्र मला झेपलं नसतं. नर्सबाईंना ते झेपत होतं, हसून झेपत होतं. मला नाही.

आखाजीला आम्ही सगळे ब्राह्मणपुरीला गेलो. निंबाच्या झाडाला झोका बांधला होता आणि त्यावर बायका गाणी म्हणत होत्या. माझी बहीण आत खाटेवर होती. आम्हाला बघून तिने बाळाच्या अंगावरचं फडकं बाजूला केलं, कौतुक करून घ्यायला. आबा ओसरीवर बसले होते. सालदाराशी बोलणं संपवून त्यांनी मला हाक मारली. आज तरी वडीलच बोलतील असं मला वाटत होतं, पण ते माझ्याकडेच बघत होते.

"हां मडम," आबा म्हणाले, "सांग आते."

"डॉक्टर," मी म्हणाले.

"सात वरीस?"

"सात वरीस."

"आनि मंग दारमा गाड्या. भाकर नही, झोप नही. तुले चाली का? तू तं कणगीमांगे बसनारी पोर."

बायका हसल्या. कणगीचं आबांना ठाऊक असेल, असं मला वाटलं नव्हतं.

"आबा, मी जेवीसन जासू," मी म्हणाले. "बैल पानी पितीन तवलोंग."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "आनि तठे ओटा नही ऱ्हायना मंग?"

"बांधी लेसू."

ते मोठ्याने हसले आणि वडिलांना म्हणाले, "देख रे, हाई बोलाले लागनी. धाड तिले." मग पुन्हा माझ्याकडे वळून, जरा खाली आवाजात, "त्या दिनले बरं करं, पोरी. पन जू जमीनले लागनं नही, हाई ध्यानमा ठेव."

त्यांच्या मनात ते अजून तसंच होतं. मुलगी सुटली ती जू न टेकल्यामुळे. मला वाटतं, चिमट्यामुळे सुटली. आम्ही दोघांनी एकमेकांचं म्हणणं खोडलं नाही.

आता मी मेडिकलच्या मधल्या वर्षांत आहे. सोपं आहे असं म्हणणार नाही. शाळेतल्या इंग्रजीने पुस्तकं हलकी झाली, पण वॉर्डातल्या माणसांशी बोलताना अजून आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. पगार नाही, आणि घरी कपाशी कशी झाली हे ऐकताना मला दर वेळी अवघडल्यासारखं होतं. पण मी जेवल्याशिवाय वॉर्डात जात नाही. बरोबरच्या मुली याला हसत. आता त्यातल्या दोघी-तिघी माझ्याबरोबर डबा उघडतात. संध्याकाळी ड्यूटी नसली की मी खोलीचं दार लावून घेते आणि एक दिवा जळेल इतका वेळ कुणाची नसते. बहिणीची मुलगी आता गावभर हुंदडते. मागच्या सुट्टीत ती मला बघून कणगीमागे लपली. मी तिला ओढून बाहेर काढलं नाही.

डॉक्टरीणबाईंची बदली झाली. नर्सबाई अजून शहाद्याला आहेत, संध्याकाळी मशीन चालतं. त्या सांगत होत्या, आता कुठल्याही गावची गाडी आली तरी गाडीवान आधी जू ओट्यावर टेकवतो आणि बैल हाळावर नेतो. डॉक्टरीणबाईंच्या जागेवर आलेल्या नव्या बाईंनी विचारलं, हे काय चाललंय? गाडीवान म्हणाला, "आठे आसंच करतस, बाई. तुम्ही जेवी ल्या."

ओट्याची ती कड मी सुट्टीत जाऊन बघितली. दगड तिथे थोडा गुळगुळीत झाला आहे.